पडलेले दान फिरवावे का? गेम मास्टरसाठी सविस्तर मार्गदर्शन

टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या स्क्रीनआड वीसपैलू फासा थांबतो, वर २० दिसतात आणि गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मनात हिशेब सुरू होतो: हा घाव बसला तर ज्या पात्राचे सहाच हिट पॉइंट, म्हणजे जीव तगवणारे गुण, उरले आहेत ते आडवे होणार, आणि ते पात्र खेळणारी खेळाडू उरलेला वेळ नुसती बघत बसणार. समोर बसलेल्यांपैकी कोणीही तो आकडा पाहिलेला नाही. ‘चौदा, थोडक्यात हुकला’ असे म्हणायला अर्धा क्षण पुरतो, आणि टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिकेतून कथा रंगवायचे खेळ, चालवणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी ते म्हटलेले असते. मीही म्हटले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो: खेळाडूंची संमती नसताना पडलेले दान गुपचूप फिरवू नये. मात्र एवढा उपदेश करून कोणाचेच काम भागत नाही. दान फिरवण्याची इच्छा होते तेव्हा बहुतेक वेळा असे आढळते की जो प्रश्न फाशांकडे सोपवायची आपली मुळात तयारीच नव्हती, तो आपण सवयीने त्यांच्याकडे सोपवून बसलो होतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक पायऱ्या फासा हातात घेण्याआधीच्या आहेत.

फिरवणे कशाला म्हणायचे

फाशावर एक आकडा असताना दुसराच सांगणे, हा ‘फजिंग’चा सर्वांना माहीत असलेला प्रकार झाला. पण लढाई लवकर संपेल असे वाटून राक्षसाचे हिट पॉइंट मधेच वाढवणे, खेळाडूचे दान पाहिल्यावर मग डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ठरवणे, किंवा नुकसानीचे चार फासे टाकून तिघांचीच बेरीज सांगणे, हेही त्याच जातीचे आहे. अनेक जण ‘मी फासे कधीच फिरवत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणतात आणि हिट पॉइंट मात्र रबरासारखे ताणतात. ओळखण्याची खूण अशी की बदल निकाल समोर आल्यानंतर होतो, तो निकाल आवडला नाही म्हणून होतो आणि खेळाडूंना न कळवता होतो. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच त्याला फिरवणे म्हणावे. दान मागायचेच नाही असे ठरवणे, खेळ सुरू होण्याआधी नियम बदलणे, किंवा सर्वांसमोर ‘हे दान आपण धरू नये असे मला वाटते’ असे म्हणणे, यांपैकी कशातही लपवाछपवी नाही.

पंच मोठा की फासा, हा वाद या छंदापेक्षा जुना आहे. प्रशियन सैन्यातील राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यात हानी ठरवण्यासाठी फासे आणि तक्ते होते. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी ते जंजाळ बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा, अशी भूमिका मांडली. या छंदातला पहिला खेळ, डन्जन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ मध्ये आला आणि त्याच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या आपल्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये दान बाजूला सारण्याचा अधिकार गेम मास्टरला स्पष्ट शब्दांत दिला. सगळे शहाणपणाने करूनही केवळ दैवाने मारल्या जाणाऱ्या पात्राला मृत्यूऐवजी बेशुद्धी किंवा एखादा अवयव गमावणे अशी सौम्य शिक्षा देता येईल, असेही त्यांनी सुचवले. त्याच खेळाच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकातही, लागोपाठ दोन क्रिटिकलमुळे, म्हणजे २० पडल्याने बसणाऱ्या जबर घावांमुळे, पात्र मरत असेल तर दुसरा घाव साधा करता येईल, असे म्हटले आहे. पण लगेच इशाराही आहे की हे वारंवार करू नये आणि कळू देऊ नये, अन्यथा खरा धोका नाहीच किंवा गेम मास्टर कोणाची तरी बाजू घेतो आहे, असे खेळाडूंना वाटेल. हा इशारा नीट वाचला तर त्या सल्ल्याची अडचण त्यातच सापडते. जी गोष्ट उघडकीस येताच मागच्या सगळ्या विजयांवर शंकेचे सावट पडते, ती दर आठवड्याला त्याच चार-पाच माणसांपासून, वर्ष-दोन वर्षे, लपून राहील असे धरून चालावे लागते. माणसे खेळात कितीही गुंगलेली असली तरी ‘आपण नेमके शेवटच्या घावालाच कसे वाचतो’ हे त्यांच्या लक्षात येतेच.

याच्या अगदी उलट टोकाला २०१० मधील अपोकॅलिप्स वर्ल्ड हा खेळ आहे. त्यात गेम मास्टर फासे टाकतच नाही. खेळाडूच दोन सहापैलू फासे टाकतात; १० किंवा अधिक आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आले तर किंमत मोजून यश, आणि ६ किंवा कमी आले तर गेम मास्टरची चाल. शुद्ध फाशांचा विचार केला तर शेवटच्या दोन्ही गटांची शक्यता सारखीच, प्रत्येकी सुमारे ४२ टक्के आहे. म्हणजे ‘जमले, पण…’ हा निकाल खेळाच्या हाडामांसातच आहे, आणि फिरवायला गेम मास्टरच्या हाती काही ठेवलेलेच नाही.

पहिली पायरी: मोहिमेआधी बोलून घ्यावे

मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, सुरू होण्याआधी पात्रे तयार करण्यासाठी जे पहिले सेशन, म्हणजे बैठक, होते, त्यात हा विषय दहा मिनिटे काढावा. पात्र मेलेले चालेल का, असा मोघम प्रश्न विचारल्यास सगळेच शूर होतात आणि ‘हो, चालेल की’ म्हणतात. त्याऐवजी नेमका प्रसंग समोर ठेवावा: ‘तिसऱ्याच सेशनला, कथेच्या दृष्टीने काहीच महत्त्व नसलेल्या चकमकीत, तुझी काहीही चूक नसताना, दोन दानांत तुझे पात्र मेले, तर तुला काय वाटेल?’ या प्रश्नावर चेहरे बदलतात आणि खरी उत्तरे मिळतात. कोणी म्हणेल की हीच तर मजा आहे, दुसरे पात्र तयारच आहे. कोणी पात्राच्या बालपणाची पंधरा पाने लिहून आणलेली असतील आणि ती चौथ्या आठवड्यात वाया जाऊ नयेत, अशी त्यांची रास्त अपेक्षा असेल.

यातून टेबलाचा करार निघतो. ‘फासे नेहमी उघड्यावर’ हा करार असू शकतो. ‘खेळाडूच्या परवानगीशिवाय पात्र मरणार नाही, पण हार, कैद आणि नुकसान खरे असेल’ हाही असू शकतो, आणि अनेक टेबलांना तोच सर्वांत मानवतो. ‘गरज वाटली तर फिरव, आम्हाला सांगू नकोस’ असेही काही गट सांगतात. सर्वांनी समजून-उमजून तसे म्हटले असेल तर माझा त्याला आक्षेप नाही, कारण त्यात फसवणूक उरत नाही. एकाचा जरी विरोध असला, तरी मात्र उघड फाशांचाच नियम धरावा. कारण ज्यांना संरक्षण हवे आहे त्यांना ते पुढे सांगितलेल्या इतर मार्गांनी देता येते, पण ज्याला खरा धोका हवा आहे त्याला खोटा धोका देऊन भरपाई करता येत नाही.

दुसरी पायरी: दान मागण्याआधी थांबावे

सर्वांत जास्त फरक याच पायरीवर पडतो. खेळाडू म्हणतो, ‘मी कुलूप उघडतो.’ गेम मास्टर सवयीने म्हणतो, ‘टाक.’ फाशावर ४ येतात. कुलूप उघडत नाही, आणि त्या दिवसाची सगळी तयारी तर दारापलीकडे मांडून ठेवलेली आहे. मग ‘बरं, पुन्हा एकदा प्रयत्न कर’ सुरू होते, किंवा त्या ४ चाच अर्थ ‘वेळ लागला, पण उघडले’ असा लावला जातो. खेळाडूला यातून एकच धडा मिळतो, की इथे फाशाला अर्थ नाही. चूक मात्र ४ पडल्यानंतर झालेली नाही. ‘टाक’ म्हणतानाच ती होऊन गेली होती.

म्हणून दान मागण्याआधी मनाशी दोन गोष्टी तपासाव्यात. यश आणि अपयश या दोन्हींतून पुढे काही घडणार आहे का? आणि सर्वांत वाईट निकाल मला खरोखर मान्य आहे का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर फासा उचलू नये, किंवा फाशाला वेगळा प्रश्न विचारावा. फेट कोअर या खेळात हाच नियम म्हणून दिला आहे: यश आणि अपयश दोन्ही रंजक असतील तेव्हाच दान टाकावे. कुलपाच्या उदाहरणात दार उघडणार हे गृहीत धरून, पहारेकऱ्याला चाहूल लागली का, किंवा हत्यार आत मोडून पुरावा मागे राहिला का, हे फाशाने ठरवावे. आता ४ पडले तरी ते आहेत तसे स्वीकारायला काहीच जड जात नाही.

तपासकथांमध्ये हा मुद्दा अधिकच तीव्र होतो, कारण एक दुवा हुकला की रहस्य तिथेच अडते आणि गेम मास्टरला हुकलेले दान ‘जमले’ म्हणून सांगावे लागते. खेळरचनाकार रॉबिन लॉज यांनी २००७ मध्ये आणलेल्या गमशू पद्धतीत यावर सरळ तोडगा आहे: योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य ठिकाणी शोधत असेल तर मुख्य दुवा दान न टाकताच मिळतो. दुवा सापडण्यात फारशी गंमत नसते, सापडलेल्या दुव्यांचा अर्थ लावण्यात असते, हा त्यामागचा विचार आहे. इतर कोणत्याही खेळात तो तसाच उचलता येतो. त्यासाठी नियमांचे पुस्तक बदलावे लागत नाही.

एकाच प्रश्नासाठी अनेक दाने मागणे ही आणखी एक चोरवाट, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. चार पात्रे छावणीतून लपत जात आहेत आणि प्रत्येकाच्या यशाची शक्यता ७० टक्के आहे, असे समजू. ऐकायला हे सोपे काम वाटते. पण चौघांनीही यशस्वी व्हायलाच हवे असे धरले तर एकत्रित शक्यता केवळ २४ टक्के उरते. एकटा हेर असला आणि त्याला तीन वळणांवर तीन दाने टाकायला लावली, तरी ती ३४ टक्क्यांवर येते. गेम मास्टरच्या मनात ‘बहुधा जमेल’ असते, आकडे ‘बहुधा फसेल’ म्हणत असतात, आणि फसल्यावर मग पहारेकरी अचानक बहिरे होतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतील सामूहिक चाचणीचा नियम, म्हणजे किमान निम्मे यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी, याच चौघांना लावला तर शक्यता सुमारे ९२ टक्के होते. २४ आणि ९२ यांच्यातली दरी पात्रांच्या कौशल्यामुळे पडलेली नाही. प्रश्न कसा विचारला, एवढ्यावरच ती पडली आहे. एकट्या हेरासाठी बर्निंग व्हील या खेळाचा दंडक उपयोगी पडतो: परिस्थितीत मोठा बदल होत नाही तोवर पहिले दानच पुढे लागू राहते.

तिसरी पायरी: शत्रू निवडतानाच कमाल घाव पाहावा

पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, पात्रांसमोर ओगर हा धिप्पाड राक्षस उभा करताना बहुतेक गेम मास्टर त्याचा सरासरी घाव पाहतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांनुसार त्याच्या सोट्याचा घाव दोन आठपैलू फासे अधिक ४, म्हणजे सरासरी १३. क्रिटिकल झाला की फासे दुप्पट होतात आणि सरासरी २२ वर जाते, कमाल ३६ वर. आता कमाल १० हिट पॉइंट असलेले पात्र घ्यावे. २२ चा घाव बसला तर १० वजा होऊन १२ उरतात. उरलेले नुकसान पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतके किंवा त्याहून अधिक असले की पात्र तत्काळ मरते, त्याला वाचण्याचे दान टाकण्याचीही संधी मिळत नाही. म्हणजे ओगरचा अगदी सरासरी क्रिटिकलही इथे थेट मृत्यू आहे. गॉब्लिन या साध्या, बुटक्या राक्षसाचेही तेच, फक्त थोडे हलके: ७ हिट पॉइंटच्या जादूगाराला त्याचा क्रिटिकल सहापैकी पाच वेळा आडवा करतो.

‘पण २० पडतात किती वेळा?’ असे कोणी म्हणेल. एका हल्ल्यात ५ टक्के वेळा. परंतु एका सेशनमध्ये शत्रूंची साठ दाने टाकली जात असतील तर त्यांत किमान एकदा २० पडण्याची शक्यता ९५ टक्के आहे, आणि लागोपाठ दोनदा २० पडणे हेही साधारण सात सेशनमागे एकदा घडणारच. वर्षभर चालणाऱ्या मोहिमेत ज्याला आपण दैवदुर्विलास म्हणतो तो खरे तर वेळापत्रकात लिहिलेला असतो, फक्त तारीख कळवलेली नसते.

तेव्हा तयारी करताना प्रत्येक शत्रूच्या नावापुढे सरासरी घाव, क्रिटिकलचा सरासरी घाव आणि कमाल घाव लिहून ठेवावा, आणि कमाल आकडा सर्वांत दुबळ्या पात्राशी ताडून पाहावा. तो निकाल पचणार नसेल तर बदल तेव्हाच करावा. ओगरच्या हाती सोट्याऐवजी माणसे पकडायचे जाळे द्यावे, त्याला जिवंत कैद्यांचे बक्षीस मिळणार आहे असे ठरवावे, किंवा ओगर तसाच ठेवून पात्रे त्याला लांबून एका फटक्यात बैलगाडी फोडताना पाहतील अशी सोय करावी. शेवटचा पर्याय मला सर्वांत आवडतो; त्याने आकडे तेच राहतात, पण लढायचे की वाट बदलायची हा निर्णय खेळाडूंच्या हाती जातो, आणि मग जे दान पडेल ते त्यांनी पत्करलेले असते. प्रत्येक शत्रूला काय हवे आहे आणि तो केव्हा पळ काढेल, हेही एका ओळीत लिहून ठेवावे. त्या ओळीचा उपयोग सहाव्या पायरीवर होतो.

चौथी पायरी: काय पणाला लागले आहे ते आधी सांगावे, फासा उघड्यावर टाकावा

‘१५ हवे आहेत. जमले तर उडी पार, नाही जमले तर तू कड्याला लटकशील आणि मशाल खाली पडेल.’ एवढे एक वाक्य दानाआधी उच्चारले की मागाहून काही बदलण्याची वाटच बंद होते. २०१७ मधील ब्लेड्स इन द डार्कमध्ये प्रत्येक दानाआधी धोका किती आणि यश मिळाले तर परिणाम किती, हे बोलून ठरवणे बंधनकारक आहे. खेळाडूला तो सौदा परवडत नसेल तर तो माघार घेऊ शकतो किंवा दुसरा मार्ग शोधू शकतो. आकडा सांगून टाकल्याने गूढ कमी होते, अशी भीती काहींना वाटते. डीसी खरोखर गुप्त ठेवायची असेल तर कागदावर लिहून तो कागद पालथा ठेवावा आणि दान पडल्यावर उलटावा. गूढही राहते आणि हातही बांधलेले राहतात.

काही दाने उघड टाकता येत नाहीत, हे खरे आहे. सापळा शोधणाऱ्याला स्वतःच्या दानावर ३ दिसले की ‘काही सापडले नाही’ या उत्तरावर तो विश्वास ठेवणार नाही. अशा वेळी पात्राचा ठरलेला आकडा, म्हणजे पॅसिव्ह परसेप्शन, वापरणे सर्वांत सोपे. दुसरी युक्ती थोडी नाटकी आहे, पण फार परिणामकारक: खेळाडूने पेल्यात फासा टाकून पेला तसाच पालथा ठेवावा, आणि सत्य उघड होण्याच्या क्षणी सर्वांसमोर उचलावा. तोवर तो आकडा खेळाडूलाही माहीत नसतो आणि गेम मास्टरलाही.

पाचवी पायरी: वाचण्याचे साधन खेळाडूंच्या हाती द्यावे

दैव फिरवण्याची सोय हवीच असेल तर ती मोजून आणि उघडपणे खेळाडूंना द्यावी. सॅव्हेज वर्ल्ड्समधील बेनी, फेटमधील फेट पॉइंट, पाचव्या आवृत्तीतील इन्स्पिरेशन, कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीत ऐच्छिक नियमाने लक खर्च करण्याची मुभा, या सगळ्यांचे काम एकच आहे: मोजका साठा खर्चून दान आपल्या बाजूला झुकवणे. फरक पडतो तो मालकीत. गेम मास्टरने गुपचूप वाचवले तर खेळाडू वाचतो, पण त्याने काही केलेले नसते. शेवटचा बेनी खर्चून तो वाचला तर ती त्याची निवड असते, आणि पुढच्या संकटात तो बेनी हाताशी नसतो. फेटमधील माघारीचा नियमही इथे उसना घेण्यासारखा आहे. समोरच्याचे दान पडण्याआधी खेळाडू हार पत्करू शकतो. तो लढाई हरतो, पण आपले काय होणार यात त्याला शब्द टाकता येतो. आपल्या खेळात असे काही नसेल तर प्रत्येक पात्राला प्रत्येक सेशनसाठी एक पुनर्दान द्यावे. त्याहून अधिक देऊ नये.

सहावी पायरी: दान पडले आहे आणि ते नको आहे

एवढे करूनही तो क्षण येतो. तेव्हा आकड्याला हात लावू नये. आकड्याच्या पुढे काय, याचा विचार करावा. पाचव्या आवृत्तीत शून्य हिट पॉइंट म्हणजे मृत्यू नसतो. कोणाचीही मदत न मिळता केवळ स्वतःच्या दानांवर पात्र तगण्याची शक्यता सुमारे ६० टक्के आहे, आणि सोबती धावून आले तर ती खूपच वाढते. शिवाय हातघाईच्या घावाने समोरच्याला शून्यावर आणणाऱ्या हल्लेखोराला त्याच क्षणी ‘मारायचे नाही, बेशुद्ध करायचे’ असे ठरवण्याची मुभा २०१४ च्या नियमांतच आहे, आणि ती शत्रूंनाही लागू होते. तिसऱ्या पायरीवर लिहिलेली ओळ इथे कामी येते: ओगरला जिवंत कैदी हवे आहेत, असे कालच लिहिलेले असेल तर आज त्याने बेशुद्ध करणे ही दया ठरत नाही. मात्र आतापर्यंत थंड डोक्याने लढणारा मारेकरी ऐनवेळी पडलेल्या पात्राला सोडून झाडाशी झुंजायला गेला, तर टेबलावरच्या कोणाचीही फसगत होत नाही.

चूक आपली स्वतःची असेल, म्हणजे शत्रूचा तक्ता चुकीचा वाचला असेल, एखादा नियम विसरला असेल किंवा चकमकीचा अंदाजच साफ चुकला असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे: ‘थांबा, याचा घाव मी दोन फेऱ्या जास्त मोजत होतो, दुरुस्त करू या.’ आपले वजन कमी होईल असे नवख्या गेम मास्टरला वाटते; अनुभव उलटा येतो.

आणि चूक कोणाचीच नसेल, तरी तो मृत्यू कोणालाच नको आहे असे वातावरण असेल, तर प्रश्न टेबलासमोर ठेवावा. ‘दान आहे तसे धरले तर ती इथे मरते. तसेच धरायचे, की जीव वाचवून दुसरी काही किंमत मोजायची?’ किंमत खरी असावी: हात जावा, पिढीजात तलवार मोडावी, ज्या शक्तीचे ऋण नको होते तिचे ऋण डोक्यावर बसावे. गायगॅक्स यांची अवयव गमावण्याची सूचना इथे परत येते, फक्त निर्णय पडद्यामागे होत नाही. ज्याच्या पात्राचा प्रश्न आहे त्यालाच आधी बोलू द्यावे, कारण बाकीच्यांनी ‘अरे वाचव ना’ असा गलका केल्यावर ‘नाही, मरू दे’ म्हणणे अवघड जाते, आणि तसे म्हणायचे असलेले खेळाडू वाटतात त्याहून जास्त असतात.

सातवी पायरी: खलनायकाच्या बाजूने तर नकोच

दयेपोटी फिरवलेल्या दानाची चर्चा खूप होते; मुख्य शत्रू पहिल्याच फेरीत कोसळू नये म्हणून फिरवलेल्या दानाची तेवढी होत नाही. माझ्या हातून झालेली सर्वांत वाईट चूक याच प्रकारची आहे. एका खेळाडूने तीन सेशन जपून ठेवलेला मंत्र नेमका योग्य क्षणी टाकला आणि माझा महिनाभर घडवलेला मांत्रिक दुसऱ्याच फेरीत संपायला आला. मी त्याला मनातल्या मनात साठ हिट पॉइंट वाढवून दिले. लढाई आणखी तीन फेऱ्या चालली, मला वाटले छान रंगली. सामान आवरताना त्या खेळाडूने सहज विचारले, ‘त्याचे हिट पॉइंट किती होते रे?’ मी जो आकडा सांगितला, तो तिने मनात केलेल्या बेरजेशी जुळला नाही. ती काही बोलली नाही. पुढच्या मोहिमेत मात्र तिने मंत्र राखून ठेवणे सोडून दिले, आणि ते बरोबरच होते.

मोठा शत्रू टिकायला हवा असेल तर त्याची सोय छापील स्वरूपात करावी. पाचव्या आवृत्तीतील लेजेंडरी रेझिस्टन्स म्हणजे एका अर्थी परवाना घेऊन केलेले फिरवणेच आहे: दिवसातून ठराविक वेळा, बहुधा तीनदा, फसलेला सेव्ह, म्हणजे मंत्रासारख्या माऱ्यातून बचावण्याचे दान, यशस्वी करण्याची शत्रूला मुभा. पण ती मोजलेली असते, वापरताना जाहीर होते आणि खेळाडू ती संपवण्याचा डाव रचू शकतात. तसेच शत्रूचे दोन टप्पे आधीच लिहून ठेवता येतात, त्याला रक्षक देता येतात, पळवाट देता येते. आणि एवढे असूनही तो पहिल्या फेरीत मेला, तर मरू द्यावा. खेळाडू ती गोष्ट वर्षानुवर्षे सांगत राहतील. आपली नाटकी भाषणे तेवढी वाया जातील, तो तोटा सोसण्यासारखा आहे.

आठवी पायरी: आधीपासून फिरवत असाल तर

लहान मुलांबरोबर किंवा पहिल्यांदाच खेळणाऱ्यांबरोबर एखादे सेशन खेळताना हात सैल सोडावासा वाटतो, आणि ते समजण्यासारखे आहे. तिथेही मी आकडे फिरवण्यापेक्षा शत्रूंचे घाव आधीच निम्मे करून ठेवतो, कारण मुलांना फासे स्वतः बघायचे असतात आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

चालू मोहिमेत सवय मोडायची असेल तर मागच्या प्रत्येक दानाचा कबुलीजबाब देण्याची गरज नाही. त्याने खेळाडूंच्या जुन्या आठवणी नासतात आणि हाती काही लागत नाही. ‘पुढच्या सेशनपासून हल्ल्याचे आणि नुकसानीचे फासे मी उघड्यावर टाकणार आहे, त्यामुळे धोका वाढू शकतो’ एवढे आधी सांगावे. पहिली दोन-तीन सेशन शत्रू एक घर हलके ठेवावेत, कारण आजवर कोणती चकमक खरोखर किती जड होती हे फिरवाफिरवीमुळे आपल्यालाच ठाऊक नसते. दान फिरवावेसे वाटले की तो प्रसंग वहीत एका ओळीत टिपावा आणि पुढे कारण लिहावे: नको तिथे दान मागितले, शत्रूचा कमाल घाव पाहिला नव्हता, काय पणाला आहे ते सांगितले नव्हते. माझ्या वहीत पहिलेच कारण इतक्या वेळा आले की आता स्क्रीनच्या आतल्या बाजूला ‘दान खरंच हवे का?’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

स्क्रीन काढून टाकण्याचे कारण नाही. नकाशे, नावांची यादी आणि पुढच्या खोलीत कोण दबा धरून बसले आहे, हे झाकायला ती लागते. फासे तेवढे तिच्या पलीकडच्या बाजूला टाकावेत.